कुत्र्याचं वागणं बिघडलं, की आधी तब्येत बघा

गेल्या भाद्रपदात आमची बुंदी माझ्या पुतण्यावर गुरगुरली. बुंदी म्हणजे सहा वर्षांची गावठी कुत्री, अंगावर बुंदीसारखे ठिपके म्हणून हे नाव. या पोराने आजवर तिच्या शेपटीला फुगा बांधलाय, तिच्या ताटलीतली भाकरी पळवलीय, पण तिने कधी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी त्याने नुसता डोक्यावरून हात फिरवला आणि हिचा वरचा ओठ वर, सुळे बाहेर, घशातून घर्रर्र. घरात लगेच निकाल लागला. "डोक्यावर चढवून ठेवलीय," वहिनी म्हणाली. "हीटवर येणार असेल," शेजारचे काका म्हणाले. ऑपरेशन होऊन चार वर्षं झालीत. आई म्हणाली, "कुत्रं ते कुत्रंच."

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ती मान जरा डावीकडे कलती ठेवते आणि मागच्या पायाने कानामागे खाजवत असते. कानाची पाळी उचलून बघितली तर आंबूस वास आणि आत कॉफीच्या चोथ्यासारखा मळ. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, बुरशीचा संसर्ग होता. पंधरा दिवस थेंब घालायला सांगितले. पाचव्या दिवशी पुतण्या पुन्हा तिच्या अंगावर लोळत होता.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. त्यामुळे आत गेलेलं पाणी, मळ तिथेच बसून राहतं. पावसाळ्याची दमट हवा आणि वर लॅब्राडोर, कॉकर यांच्यासारखे लोंबते कान असले, की बुरशीला आयतीच जागा मिळते. अशा वेळी कापसाची काडी आत घालू नका, मळ आणखी खोल जातो. तेलही ओतू नका. आतला पडदा फाटलेला असला तर भलतंच होऊन बसेल.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक गोष्ट मांडली. वागणूक बिघडली म्हणून तज्ज्ञांकडे आणलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी, हात राखून अंदाज केला तरी, तिघांतल्या एकाला कुठे ना कुठे दुखत असतं. म्हणजे 'आगाऊ झालाय', 'चिडका आहे', 'मुद्दाम करतो' असं आपण म्हणतो त्यातला बराचसा भाग खरं तर दुखण्याचा असतो. कुत्रं 'माझा कान ठणकतोय' असं सांगू शकत नाही. ते फक्त वेगळं वागू शकतं. म्हणून वागणूक आणि आजार असे दोन वेगळे धडे करण्यात फारसा अर्थ नाही.

गुरगुरण्याचंच घ्या. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तिच्यावर भरवसा ठेवून पुष्कळांनी पोटरी फोडून घेतलीय. भुंकणारंही चावतं. पण भुंकण्या-चावण्याच्या आधी ते बरंच काही सांगत असतं. झोप आलेली नसताना जांभई देतं, समोर खायला नसताना ओठ-नाक चाटतं, मान फिरवतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरपं बघतं, अंग ताठ करतं. एवढं सांगूनही समोरचा हात मागे घेत नाही म्हणून गुरगुरतं. लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय आणि कुत्रं जांभई देतंय असा गोड फोटो दर आठवड्याला फोनवर येतो. त्यातलं कुत्रं 'आता बास' म्हणत असण्याचीच शक्यता जास्त.

गुरगुरल्याबद्दल चपलेने मारलं तर कुत्रं गुरगुरणं सोडतं, हे खरं आहे. पण दुखणं किंवा भीती जागच्या जागी राहते, फक्त इशारा बंद होतो. पुढच्या वेळी थेट दात लागतात आणि लोक म्हणतात, 'काही कारण नसताना चावलं.'

शेपटीबद्दलही गैरसमज आहे. शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूष, असं सरळ गणित नाही. शेपूट हलते म्हणजे ते कशाने तरी पेटलेलं आहे, एवढंच. कंबरेपासून सगळं अंग लवचीक हलत असेल तर आनंद. शेपूट झेंड्यासारखी उंच, ताठ आणि फक्त टोक थरथरत असेल तर जरा लांबच थांबा.

आणि तो 'चोराच्या मनात चांदणं' चेहरा! घरी यावं तर उशीचा कापूस दिवाणखान्याभर पसरलेला आणि कुत्रं कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात. आपण म्हणतो, बघा, केलेलं कळतंय त्याला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी १४ कुत्र्यांवर हे तपासलं. निष्कर्ष २००९ साली छापून आले. मालकाने खाऊ खायला मना केलं आणि तो बाहेर गेला. मग काही कुत्र्यांनी खाऊ खाल्ला, काहींनी नाही. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. खाऊ खाल्ला होता की नाही याने फरक पडला नाही. उलट काहीच न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा चेहरा जास्तच पडला. म्हणजे तो पश्चात्ताप नसतो, 'हा चिडलाय, आता काय करू' असा भेदरलेपणा असतो. संध्याकाळी येऊन सकाळच्या उशीबद्दल मारलं तर कुत्र्याला कळतं ते एवढंच, की हा माणूस घरी आला की मारतो.

शिकवलेलं, मोठं कुत्रं अचानक घरात मुतायला लागलं, की लोकांना सूडच दिसतो. 'आम्ही गावाला गेलो म्हणून राग काढतोय.' कुत्रं एवढा लांबचा विचार करून सूड उगवत नाही. लघवीचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा त्रास, म्हातारपणात सुटलेला ताबा यातलं काहीही असू शकतं. घरच्या घरी करता येण्याजोगं एक काम आहे: सकाळी भांड्यात पाणी मोजून भरायचं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल, म्हणजे २० किलोचं कुत्रं दोन लिटरहून जास्त पीत असेल, तर डॉक्टर गाठा.

ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या बाबतीत या पाण्याकडे तर डोळ्यात तेल घालून बघा. माज संपून दोन आठवडे ते दोन महिने झाले आहेत, कुत्री ढसाढसा पाणी पितेय, जेवत नाही, सुस्त पडून आहे, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. खालून पू गळताना दिसला तर निदान कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर बाहेर काहीच दिसत नाही आणि आत विष पसरत राहतं. यावर मुख्य उपाय ऑपरेशनचा, तोही तातडीने. नसबंदी आधीच केली असेल तर हा प्रसंग जवळजवळ येतच नाही.

गवत खाणं मात्र एवढं घाबरण्यासारखं नाही. 'पोट बिघडलंय, ओकून साफ करतंय' असं सगळे सांगतात. कॅलिफोर्नियात शेकडो मालकांना विचारून केलेल्या पाहणीत गवत खाणारी बहुतेक कुत्री आधी आजारी नव्हती, आणि खाल्ल्यावर नेमाने ओकणारी साधारण पाचात एक निघाली. कुत्री गवत खातात, कारण कुत्री गवत खातात. फवारलेल्या शेताच्या बांधावरचं खाऊ देऊ नका, बस्स. झोपायच्या आधी गोल गोल फिरणं, आंघोळीनंतर अंगात आल्यासारखं घरभर पळणं, मेलेल्या बेडकावर पाठ घासणं, हेही असंच. पहिली दोन चालू द्या. तिसऱ्याला पुन्हा आंघोळ.

ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकतात ते बघून मुलं हसतात. त्यात हसण्यासारखं थोडं आणि बघण्यासारखं जास्त आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात. शी करताना त्या आपोआप रिकाम्या होतात. तुंबल्या तर टोचतात, पिकल्या तर गळू होतं. दुसरं कारण जंत. झोपायच्या जागी किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं, कधी वळवळणारं दिसलं, तर तो चपट्या कृमीचा तुकडा. हा कृमी येतो पिसवांमधून. अंग चावताना कुत्रं पिसू गिळतं आणि पोटात कृमी वाढतो. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात.

आता गोचीड. आपल्या हवेत कुत्रं पाळायचं तर यांच्याशी गाठ आहेच. तपकिरी कुत्रा-गोचीड ही जात घरातच सगळा जन्म काढू शकते. रक्त पिऊन टरारलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते, भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, सोफ्याच्या शिवणीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्रं स्वच्छ करून आठ दिवसांत पुन्हा भरतं आणि आपण औषधाला नावं ठेवतो. कान, बोटांच्या बेचक्या, मान, काख आणि शेपटीखाली रोज हात फिरवून बघायचं. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, पेटती काडी नको, आणि बोटाने चिरडायची तर मुळीच नको.

रक्त पिण्याचं एवढं नाही, ती जे सोडून जाते त्याचं भय मोठं. लोक 'टिक फीवर' म्हणतात तो एक आजार नाही. त्यातला एक पांढऱ्या पेशींत शिरणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूचा, तर दुसरा लाल पेशी फोडणाऱ्या बबेसिया या परजीवीचा. एर्लिकियात प्लेटलेट कोसळतात. पोटाच्या उघड्या कातडीवर, हिरड्यांवर लाल-जांभळे ठिपके दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेसियात हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद चहासारखी होऊ शकते. पण या खुणा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. सुरुवात अगदी साधी असते: आवाज आला तरी दाराकडे पळत नाही, जेवण हुंगून मागे फिरतं, जिना चढताना मध्येच थांबतं. घरचे म्हणतात, उन्हाने असेल. या 'उन्हाने असेल'मध्ये आठवडा जातो.

एर्लिकियाची आणखी एक खोड म्हणजे गोचीड चावून एक ते तीन आठवड्यांत ताप येतो आणि कधी आपोआप उतरतो. कुत्रं बरं दिसतं, पण जंतू आत राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, पुन्हा डोकं काढतो. म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण २८ दिवस देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि नेमक्या तिथेच गोळ्या बंद होतात. त्या संपवायच्या. जेवणाबरोबर द्यायच्या, रिकाम्या पोटी उलटी होते. दुधातून देऊ नका. दुधातल्या कॅल्शियममुळे औषध अंगी कमी लागतं.

खेडेगावात गोठ्यासाठी आणलेलं गोचिडीचं औषध उरलं म्हणून कुत्र्यावर ओतण्याची पद्धत आहे. म्हशीच्या अंगावर चालतं ते प्रमाण २० किलोच्या, स्वतःचं अंग चाटणाऱ्या जिवावर चालत नाही. कोली आणि त्याच्या भाईबंदांच्या जातींत तर एक जनुकीय दोष सापडतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त झालं तर थेट मेंदूपर्यंत पोहोचतं. आणि घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध लावण्याआधी दहादा विचार करा. मांजराला ते जिवावर बेतू शकतं.

मी सांगली जिल्ह्यातला. तासगावचा बेदाणा घरात किलोने असतो, आणि बुंदीला बेदाणे देऊ नका हे पाहुण्यांना पटवता पटवता माझा जीव जातो. "अहो, पौष्टिक असतात!" माणसाला असतात. कुत्र्याच्या किडनीला द्राक्ष आणि बेदाणा घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही; एकाला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडक्यात उलट्या सुरू होऊन पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी बंद होते. संशय टार्टरिक आम्लावर आहे, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. प्रसादाचा शिरा, चिंचेचा गोळा दोन्ही उंच ठेवा. कांदा-लसूण लाल रक्तपेशी फोडतात, कच्चे असोत की रश्शातले. चॉकलेट जितकं कडू तितकं वाईट. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल रक्तातली साखर एकदम खाली आणतं. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणं म्हणजे आजारावर विषाची भर. पहिल्याने यकृत आणि रक्तपेशी, दुसऱ्याने पोट आणि किडनी.

ताप नाकाला हात लावून कळत नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरमच लागणार. गुदद्वारातून थर्मामीटर लावायचा. त्याहून सोपं म्हणजे हिरडी बघणं. ती गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढरी, पिवळी किंवा निळसर दिसली तर रिक्षा बोलवा. पिवळी, पावसाळा आणि आसपास उंदीर असं जुळून आलं, तर लेप्टोस्पायरोसिसचीही शंका घ्या. उंदराच्या मुतातून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मुतातून आपल्यालाही होऊ शकतो.

आणखी दोन वेळा थांबायचं नसतं. एक, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलं आहे आणि ते ओकाऱ्या काढतंय पण बाहेर काही येत नाही. पोटाला पीळ बसलेला असू शकतो आणि हातात काही तासच असतात. दोन, ऊन लागणं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, ते धापा टाकूनच थंड होतं, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्याला तेही धड जमत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात हस्की पाळणाऱ्यांना काय म्हणावं हे मी इथे लिहीत नाही. डोळे फिरवून लडखडायला लागलं तर आधी सावलीत नेऊन अंगभर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि मग दवाखाना.

पिल्लू आणणाऱ्यांसाठी पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास पुढे आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. उलट्या, मग सडक्या वासाचे रक्ताचे जुलाब. लस आहे, पण 'एक इंजेक्शन दिलं होतं की' असं म्हणणाऱ्यांची पिल्लंही जातात. त्याचं कारण चिकात आहे. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही शत्रू समजून मारते. ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे. तोवर रस्त्यावरचं हुंगणं बंद.

रेबीजमध्ये तर वागणूक हेच लक्षण. पिसाळलेलं म्हणजे फेस गाळत अंगावर धावणारं, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर असतं. पण लाजरं कुत्रं अचानक अंगाशी येतं, माणसाळलेलं अंधारात जाऊन बसतं, भुंकण्याचा आवाज बदलतो. एक मुका प्रकारही असतो: जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि ते तोंडात हात घालतात. असं कधी करू नका.

कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद, काही नाही. मग सरळ सरकारी दवाखाना. पोटात १४ इंजेक्शनांच्या भीतीने अजूनही माणसं घरी बसतात. ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, दंडावर. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही लागतं, ते मागून घ्या. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवा, पण लस तोवर थांबवू नका. लक्षणं दिसल्यावर या आजारातून परत आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. आई त्यावर दुधाचा हिशोब लिहिते. कानाच्या प्रकरणानंतर मी त्याच चौकोनांत बुंदीचं लिहायला लागलो: गोचीड दोन, पाणी सव्वा लिटर, शी पातळ, जंताचं औषध दिलं. महिन्याभराची पानं बघितली की 'नेहमीचं' काय ते दिसतं, आणि 'वेगळं' काय तेही. "माझ्या दुधात घोटाळा होतो," म्हणून आई आधी कुरकुरली. परवा सकाळी बघतो तर मंगळवारच्या चौकोनात तिच्याच अक्षरात: 'दूध १ लि. बुंदी सकाळी गवत खाल्ली. ओकली नाही.'